रानाच्या कानावर गेलेलं नाव

बसा गं, सरकून बसा. दार लोटलं का? आडणा घाल. भागू, चुलीत अजून एक लाकूड सार, आणि ते दात काढायचं थांबव. तुझी बायको काळोख पडल्यावर एकटी रानातनं म्हैस घेऊन आली, याचं तुला कौतुक वाटतंय. मला नाही वाटत. जेवली का ती? पोटभर? मग आता मी बोलते. उपाशी माणसाला मी शिव्या देत नाही.

सूनबाई, मघाशी तू जनीकाकीच्या कानाला लागून काय म्हणालीस, ते मला ऐकू आलं. कुडाची भिंत आहे ही, काँक्रीटची नाही. "आत्या दारात धोंड्यासारख्या बसल्या होत्या. एक हाक मारली नाही मला." असं म्हणालीस ना? खाली मान नको घालू. खरं तेच बोललीस. नाही मारली मी हाक. ह्या भागूनं मारायला तोंड उघडलं, तर त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. चावला मला मेला. हे बघा, चार दात उमटलेत. चार महिन्यांचा होता तेव्हाही असाच चावायचा.

का नाही मारली हाक, ते सांगते. ऐका. बमूतात्या, तुम्हाला ठाऊक आहे सगळं. मध्ये बोलायचं नाही. विचारलं तरच बोलायचं.

तर ऐका. सव्वीस वर्षं झाली. मी एकोणीस वर्षांची होते. ह्या चार घरांच्या वाड्यावर लग्न होऊन येऊन दोन वर्षं झालेली. हा भागू चार महिन्यांचा, अंगावर पिणारा. ह्याचा बाप खाली कोकणात लाकडाच्या कामाला गेलेला, पुनवेशिवाय यायचा नव्हता. घरात मी, पोर आणि सासू. माझी सासू म्हणजे तुम्ही बघितली नाही तिला. तिनं गोड बोललेलं मी तरी कधी ऐकलं नाही. "ऊठ," "आण," "मेलीस का?" एवढंच बोलायची. पण हात मात्र कामाचा.

आणि मी कशी होते? आगाऊ! दुधाची किटली डोक्यावर घेऊन रोज घाट उतरायचे आणि चढायचे. पायात काटा मोडला तर दातानं काढायचे. साप दिसला तर शेपटीला धरून फेकायचे. बायका म्हणायच्या, ठकी पुरुषासारखी आहे. ते ऐकून मी अजूनच फुगायचे.

आमच्याकडं तेव्हा दूध देईल अशी एकच म्हैस. जांभळी. काळीभोर, जांभळासारखी चमकायची, म्हणून जांभळी. दिवस भरले होते तिचे. आज व्याली नाही तर उद्या व्याली. त्या दिवशी सांजेला वाड्याच्या सगळ्या म्हशी आल्या आणि जांभळी आली नाही.

आता व्यायला आलेली म्हैस रानात का राहते, ते तुम्हाला सांगायला नको. आडोसा बघते. एकटी जाते. आणि तिथंच वाघाचं फावतं. व्याल्यावर वार पडली की तिच्या वासावर येतो. म्हशीला हात लावत नाही, पण ओलं रेडकू उचलून नेतो. म्हैस मग घरी येते ती बिथरून, दूध आटवून. आमचं घर त्या दुधावर होतं. पोराच्या बापाच्या कामाचा भरवसा नव्हता, म्हशीचा होता.

मी पदर खोचला. भागूला पाजलं, घाईघाईनं. एकाच अंगावर पाजलं, दुसरं तसंच राहिलं. पोर रडायला लागलं. सासूच्या मांडीवर टाकलं आणि बॅटरी उचलली.

सासू म्हणाली, "जोडीला कुणाला तरी घे. बमूला हाक मार."

मी म्हटलं, "आत्या, बमूभावजी वाट चुकले तर त्यांना कोण शोधणार?"

हसू नका तात्या. तेव्हा तुम्ही खरंच पावट्यासारखे दिसायचा.

सासू म्हणाली, "कोयती घे. मिठाचा खडा घे पदरात. व्यालेली म्हस वळखत न्हाई कुणाला, मिठाला येती. बॅटरीत शेल हाईत का बघ."

"आहेत."

बघितलं नव्हतं मी.

"आणि रानात नाव घिऊन हाक मारू नगंस. म्हशीचंबी न्हाई आन् तुझंबी न्हाई. हुर्रऽऽ हो म्हन, बास. त्या रानात हाक्या हाय."

खालची माणसं चकवा म्हणतात ना, तो. आमच्याकडं हाक्या म्हणतात. तो काय अंगावर येत नाही, गळा धरत नाही. त्याच्याकडं स्वतःचं काही नाहीच. ना आवाज, ना तोंड. तुम्ही रानात जे टाकाल ते उचलतो, आणि तेच तुम्हाला परत दाखवतो. तुमचंच घेऊन तुम्हालाच नेतो. म्हणून आपल्या वाड्यावर दिवे लागल्यानंतर रानाकडं तोंड करून कुणाचं नाव घेत नाहीत. जुनी माणसं आपल्या कुत्र्याचंसुद्धा घ्यायची नाहीत.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आत्या, मला रान पाठ आहे. घटकेभरात येते." कोयती घेतली नाही. मीठ घेतलं नाही. पायात रबरी चपला. मागं पोर टाहो फोडतंय, त्याचा आवाज पार रानाच्या कडेपर्यंत माझ्या मागनं येत होता.

ध्यानात ठेवा हे. पोराचा आवाज रानाच्या कडेपर्यंत येत होता, आणि त्याला गप करणाऱ्या सासूचाही.

दिवाळी होऊन गेलेली. दव पडायला लागलेलं. चांदणं अर्ध्या रात्रीनंतर उगवणार होतं. मी उंबरझऱ्यापर्यंत गेले, तिथपर्यंत सगळं रोजचं. झऱ्यावर दोन वाटा फुटतात. खालची वाट बैलगाडीची, लांबची. वरची वाट कारवीतनं जाते, जवळची. जांभळीच्या खुरांचे ठसे झऱ्याच्या चिखलात होते, पण कुठल्या वाटेला गेले ते कळेना. मी वरची धरली. का? जवळची म्हणून. दुसरं काय कारण असणार!

कारवी डोक्याच्या वर गेलेली. आत शिरलं की आभाळ दिसत नाही. बॅटरी लावली. पिवळा उजेड पडला, म्हातारीच्या डोळ्यासारखा. हलवली, तर तोही गेला. तळहातावर आपटली. गेला तो गेलाच.

शहाणी बाई तिथंच मागं फिरली असती. मी काय केलं? मला जरा भीती वाटली होती, आणि भीती वाटल्याचा राग आला. म्हणून मोठ्यानं ओरडले. गळा काढून ओरडले, "कोण आहे तिकडं? मी ठकी आहे! मला रान पाठ आहे!" आणि लगेच, "जांभळेऽऽ, याऽऽ!"

दोन नावं. एका दमात दोन नावं टाकली मी रानात. माझं आणि माझ्या म्हशीचं.

रान गप्प झालं. रातकिडे होते ना ओरडत? तेसुद्धा गप्प. जसं कुणी कान देऊन ऐकतंय.

आणि मग पुढनं घंटा वाजली.

जांभळीच्या गळ्यात लाकडी घंटा होती, माझ्या सासऱ्यानं कोरलेली. आवाज मला हजारात ओळखू आला असता. तोच आवाज. टोक. टोक. टोक. टोक. मी खूश! म्हटलं, बघा, ठकीनं हाक मारली आणि म्हैस आली. निघाले आवाजामागं.

आता सांग बरं भागू, म्हशीची घंटा कशी वाजते? सांग ना, म्हशीत वाढलास. म्हैस चार पावलं टाकते, थांबते. पाल्याला तोंड मारते. मान झटकते, माशी उडवते. टोक. मग टोक टोक. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग एकदम टोकटोकटोक. म्हशीला काय ताल असतो? आणि ही घंटा कशी? टोक. टोक. टोक. टोक. उखळात कुणी मोजून मुसळ घालावं तशी. मी पळाले तरी तेवढीच लांब. मी थांबले तरी तेवढीच लांब.

कळलं होतं मला. खोटं कशाला बोलू? कानाला कळलं होतं. पण डोक्यात वारं भरलेलं. मी कानाला म्हटलं, गप बस.

गेले. गेले. गेले. घंटा थांबली. समोर काळोखात त्याहून काळी पाठ दिसली. बसलेली म्हैस. हुबेहूब! मी म्हटलं, सापडलीस का गं बाई. जवळ गेले, पाठीवर हात ठेवला.

खडक होता.

खडक होता, पण गरम होता. दवानं सगळं रान ओलं, गार, आणि तो खडक गरम, जिवंत अंगासारखा. हाताखाली वर झाला, खाली झाला. श्वास घेतल्यासारखा.

हात काढला नि जी पळाले! कुठं पळतेय ते ठाऊक नाही. कारवीत चेहरा फाटला. एका आडव्या पडलेल्या ऐनाच्या खोडाला अडखळले, हात त्याच्या ढोलीत गेला, चपलेचा पट्टा तुटला. रागानं दोन्ही चपला काढल्या आणि भिरकावल्या झुडपात. एक इकडं, एक तिकडं. तशीच अनवाणी पुढं गेले. म्हटलं, उतार धरायचा, उतारानं झरा लागणार. उतार धरला. किती चालले कोण जाणे. परत पायाला खोड लागलं. चाचपडून बघितलं, तेच ऐनाचं खोड. तीच ढोली. खोडाच्या अलीकडं माझी एक चप्पल पालथी पडलेली.

म्हटलं, बरं. उतार चुकला असेल. आता चढ धरू.

चढ धरला. चढतेय, चढतेय, दम लागला. परत खोड. या वेळी चपला शोधाव्या लागल्या नाहीत. खोडापुढं दोन्ही पायाला लागल्या. शेजारी शेजारी. सरळ. पाहुणा घरात आला की दाराबाहेर काढून ठेवतो ना, तशा नीट लावून ठेवलेल्या.

काय गं, काय झालं? पांघरूण घे हवं तर. मला तेव्हा पांघरूण नव्हतं.

तेवढ्यात लांबनं हाक आली. बाईचा आवाज. "जांभळेऽऽ, याऽऽ!" मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी आलं शोधायला. आणि मग नीट कान दिला. तो माझाच आवाज होता. माझाच! जसा मी ओरडले होते तसाच, शेवटी जरा चिरकलेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तर ठकी शहाणी झाली असेल. नाही हो. दुसरी हाक आली, ती सासूच्या आवाजात. "ठके, बाय माजी, हिकडं ये गं. म्हस घावली."

बाय माजी!

अरे, उभ्या जन्मात त्या म्हातारीनं मला बाय माजी म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरनं तरी कळायला हवं होतं की नाही? आणि मी काय विचार केला ठाऊक आहे? मी म्हटलं, म्हैस सापडली म्हणून आज म्हातारी खूश आहे.

हसा, हसा. आता हसायला काय जातंय. मी सुद्धा हसते कधीकधी, भाकरी थापताना आठवलं की. पण तेव्हा मी गेले त्या हाकेमागं. "आले आत्या," म्हणत गेले. ओ दिली मी त्याला.

कारवी संपली. पायाखाली सड्याचा कातळ लागला, गार. वारा लागला तोंडावर. वारा खालनं वर येत होता. त्यावरनंही कळायला हवं होतं. खालनं वारा कुठं येतो? पण विचार करायला वेळच मिळाला नाही. कारण तेवढ्यात पोर रडलं.

माझं पोर. हा भागू. समोर, अगदी समोर, पाच-सहा पावलांवर. त्याचं रडणं मला ठाऊक नाही? आधी ऊं ऊं करतो, मग श्वास आत घेतो, मग एकदम टाहो. तसंच. मला वाटलं, सासू पोराला घेऊन रानात आली. पडली असेल कुठंतरी. पोर उघड्या कातळावर पडलंय. थंडीत!

मी धावले. एक पाऊल. दोन. तीन.

आणि थांबले.

का थांबले ते ऐका. बायांनो, तुम्हाला कळेल. पुरुषांना सांगून उपयोग नाही, पण ऐकू दे त्यांनाही. चार महिने माझं पोर रडलं की मला पान्हा फुटायचा. मी शेणात असू दे, चुलीपाशी असू दे, बाजारात चार माणसांत असू दे. पोर रडलं की चोळी भिजली. मी ठरवायची गोष्टच नाही ती. दुसऱ्याचं पोर रडलं तरी एखादा थेंब यायचा. आणि त्या रात्री तर एक अंग भरलेलं होतं. ठणकत होतं, दगड झालेलं. इथं पोर समोर गळा फाडतंय, आणि माझी चोळी कोरडी.

हात लावून बघितला. कोरडी ठाक.

मी जागच्या जागी खाली बसले. कारवीचं एक झुडूप हाताला लागलं, ते दोन्ही हातांनी धरलं. समोर पोर रडतंय. आता रडताना त्याचा श्वास अडकायला लागला. तान्ह्या पोराचा अडकतो तसा. रडणं थांबलं, बारीक घरघर, परत रडणं. जीव तुटत होता माझा. डोकं म्हणत होतं, अगं जा, पोर मरतंय तुझं. पाय म्हणत होते जा. एकटी छाती म्हणत होती, नाही. हा माझा नाही.

सांगते तुम्हाला, आयुष्यात एवढं जड काही उचललं नाही मी. एका जागी बसून राहणं. पोराचं रडणं ऐकत.

आणि मग मला आला राग. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. मी तोंड सोडलं. "मुडद्या! भाड्या! माझ्या लेकराचा आवाज काढतोस? असशील माझं पोर तर पाज म्हणून सांग माझ्या छातीला! तिला विचार! ती तुला ओळखत नाही! ती ओळखत नाही तोवर मी हलणार नाही, बस बोंबलत!" अजूनही बरंच बोलले. इथं लहान पोरं आहेत म्हणून सांगत नाही.

रडणं कापल्यासारखं बंद झालं.

कितीतरी वेळ काही नाही. आणि मग समोरनं, खालनं, अगदी हळू, माझ्याच आवाजात आलं: "मी ठकी आहे. मला रान पाठ आहे."

परत: "मला रान पाठ आहे."

माझीच बढाई, मलाच वाचून दाखवली त्यानं.

तेवढ्यात डोंगरामागनं चंद्र वर आला. अर्धाच चंद्र, पण दिसण्यापुरता उजेड झाला. मी समोर बघितलं. माझ्या पायाच्या अंगठ्यापासून हातभरावर कातळ संपत होता. पुढं काही नाही. खाली कोकण. तुटका कडा हो! उंबरझऱ्यावरनं उलट्या अंगाला, कोसभर लांब. मी तिथं पोचलेच कशी ते मला आजही सांगता येणार नाही. एक धोंडा उचलून पुढं टाकला. वाट बघितली. आवाज आला नाही.

बाळाचा आवाज तिथनं येत होता. हवेतनं.

मी पोटावर पडले. सरपटत मागं आले, कारवीपर्यंत. उभं राहायची हिंमत नव्हती. कान बंद करावेसे वाटत होते, पण केले नाहीत. बरं झालं नाही केले. कारण मग डाव्या हाताला, लांबनं, घंटा वाजली.

टोक.

मी म्हटलं, वाजव. वाजव मेल्या. आता नाही येत मी.

मग काही नाही. मग टोक टोक. मग परत काही नाही, इतका वेळ की मला वाटलं संपलं. आणि मग टोकटोकटोकटोक, अशी घाईघाईनं, वेडीवाकडी, जशी म्हैस ओल्या रेडकाला चाटताना मान हलवते तशी.

ताल नव्हता त्याला! देवाशपथ सांगते, गाण्याबजावण्यापेक्षा गोड वाटलं मला ते.

रांगत गेले. गुडघे सोलले. जांभळाच्या एका जाळीत, तिन्ही बाजूंनी आडोसा बघून, जांभळी उभी होती. पायाशी ओलं रेडकू, वाफा निघत होत्या त्याच्या अंगातनं. पारडी झाली होती. पण मी दिसताच जांभळीनं डोकं खाली घातलं, शिंगं पुढं केली, फुसकारली. मिठाला येते व्यालेली म्हैस. आणि मिठाचा खडा घरी कोनाड्यात!

नाव तोंडात आलं होतं. ओठावर आलं होतं. गिळलं. हळू आवाजात म्हटलं, "हुर्रऽऽ हो. हुर्रऽऽ हो." सासूनं शिकवलेलं. जांभळी ऐकत राहिली. मी तळहात पुढं केला. घामानं आणि रडून रडून खारट झालेला. तिनं वास घेतला. जीभ लावली. एकदा, दोनदा. आणि डोकं वर केलं.

मी तिच्या पुढच्या पायांशी बसले, पाठ तिच्या अंगाला टेकवून. तेही गरम होतं, तेही वर-खाली होत होतं. पण त्याला शेणाचा वास होता. आणि पोटात गुडगुड वाजत होतं. खडकाच्या पोटात गुडगुड वाजत नाही.

पहाटेला पारडी उभी राहिली, प्याली. तांबडं फुटलं तसं मी पारडीला खांद्यावर घेतलं आणि एक हात जांभळीच्या शिंगावर ठेवला. आणि बायांनो, मी वाट शोधली नाही. एकदाही नाही. मला रान पाठ नव्हतं, हे मला कळून चुकलं होतं. ती वळली तिकडं मी वळले. ती थांबली तिथं मी थांबले. दोन वेळा मला वाटलं, ही चुकतेय. गप राहिले. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा गप राहिले.

उंबरझरा आला. वाड्याचा धूर अजून दिसत नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. कानावर काही नाही. आणि एकाएकी पान्हा फुटला. असा फुटला की चोळी भिजली, पदर भिजला, पारडीच्या पायांवर ओघळ आले. मी म्हटलं, हे काय? दहा पावलं पुढं गेले, आणि मग ऐकू आलं. लांब, बारीक. माझं पोर रडत होतं. कानाच्या आधी छातीला कळलं होतं.

मी तिथं वाटेवर उभी राहून हसले. रडले. दोन्ही एकदम. जांभळी माझ्या तोंडाकडं बघत राहिली, ही येडी झाली म्हणून.

सासू दारात होती. पोर मांडीवर. रात्रभर हललेली नव्हती ती तिथनं. मी पारडी खाली ठेवली तशी उठली, जवळ आली आणि एक दिली ठेवून थोबाडीत. अशी दिली की अजून आठवते. आणि मग पोराला माझ्या पदराखाली कोंबलं, आणि मलाच धरलं, पोरासकट. 

मी म्हटलं, "आत्या, तुम्ही एक हाक मारली असती तर मला दिशा तरी कळली असती."

ती म्हणाली, "रातभर तुजं नाव दातांखाली धरून बसले गं. पोर रडायचं, मला वाटायचं मारावी हाक, मारावी हाक. पन मारली न्हाई. मी हाक दिली असती तर त्यानं ती उचलली असती. मंग खरी कुटली आन् खोटी कुटली, तुला कसं कळलं असतं?"

ओठ बघितला मी तिचा. रक्त आलं होतं दातांनी.

तात्या, आता बोला. चपलांचं सांगा.

"सापडल्या दुसऱ्या दिवशी. मी आनि माजा भाव गेल्तो बगाया. तुटक्या कड्याच्या पार टोकावर व्हत्या. शेजारी शेजारी. तोंड दरीकडं."

ऐकलंत? मी त्या ऐनाच्या खोडापाशी टाकल्या होत्या. आणल्या का तात्या?

"मी कशाला आनू? तिथंच ऱ्हाऊ दिल्या."

शहाणे तुम्ही. तेव्हा पावटा म्हटलं ते मागं घेते.

तर ऐका आता, आणि नीट ऐका, कारण मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. दिवे लागल्यावर उंबरझऱ्याची वरची वाट धरायची नाही. म्हैस जाऊ दे, रेडकू जाऊ दे, सोन्याची घागर तिथं ठेवलेली असली तरी धरायची नाही. उजेडात जायचं तर जोडीनं. कोयती, मीठ, पाण्याची बाटली. आणि सूनबाई, तुझा तो मोबाईल. त्याच्या उजेडावर गेलीस ना आज? आलीस तेव्हा किती चार्जिंग उरलं होतं? सांग की मोठ्यानं. चार टक्के! हिचा नवरा टाळ्या वाजवतोय, आणि हिच्या हातात चार टक्के!

आज सांज झाली, म्हशी आल्या, तू आली नाहीस. मी दारात बसले. कुठं बसले? म्हातारी बसली होती तिथंच, त्याच पायरीवर. भागू ओरडणार होता, त्याचं तोंड दाबलं. माझं तोंड कोण दाबणार होतं? मीच. हा खालचा ओठ बघ. जवळ ये, चुलीच्या उजेडात बघ. आता काय बघतेस, रडू नकोस. धोंड्याच्या ओठाला रक्त येत नाही.

मग बैलगाडीच्या वाटेनं घंटा आली. वेडीवाकडी, थांबत थांबत. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुला "हात धू, जेव" एवढंच म्हटलं मी, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते.

आणि मघापासनं एक गोष्ट तुमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही. एवढी बडबडले मी, पण हिचं नाव घेतलं नाही. सूनबाई म्हटलं, पोरीसारखं दटावलं, पण नाव नाही. दिवे लागल्यापासनं धरून बसलेय दातांखाली. म्हैस गोठ्यात आहे? आहे. दाराला आडणा आहे? आहे. सगळी माणसं चुलीभोवती आहेत? मोज भागू. आहेत.

मग आता मारते हाक.

रेश्मे!

"ओ, आत्या."

हां. आता कसं बरं वाटलं. चला, उठा, आपापल्या अंथरुणाला लागा. तात्या, तुम्ही इथंच निजा पडवीत, एकटे जाऊ नका.